चाचणी घ्या, पण उत्तरपत्रिका वाचायला वेळ द्या

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
यांस,

मी जिल्हा परिषदेच्या पहिली ते आठवीच्या शाळेत शिकवते. आमच्या खात्यात म्हणणं वर पोचवायचं तर केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी अशा पायऱ्या चढाव्या लागतात. आज मी हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण त्यातला विषय एका शाळेचा किंवा एका तालुक्याचा नाही. चाचण्या, शिष्यवृत्तीचे जादा तास आणि मुख्याध्यापकाचं काम या तिन्ही बाबतींत गेल्या काही वर्षांत एकामागून एक आदेश निघाले. ते वर्गात पोचल्यावर त्यांचं काय होतं, हे वर्गात उभं राहणाऱ्यानंच सांगायला हवं.

आधी चाचणीबद्दल. चौथीच्या वर्गातलं एक उदाहरण देते. 402 मधून 178 वजा करायचे होते. उत्तर 224. तीन मुलांचं चुकलं.

पहिल्यानं लिहिलं होतं 376. त्यानं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढला होता. आठातून दोन गेले, उरले सहा. सातातून शून्य गेलं, उरले सात. चारातून एक गेला, उरले तीन. वरच्या संख्येतूनच वजा करायचं असतं आणि त्यासाठी दशक सुटा करावा लागतो, हे त्याच्यापर्यंत पोचलेलंच नाही. दुसरीनं लिहिलं होतं 234. तिनं शतक सुटं केलं, एककाच्या घरात दहा नेले, पण त्यानंतर दशकाच्या घरात नऊच उरतात हे विसरून तिथे दहा धरले. म्हणजे तिला रीत येते, एका ठिकाणी पाय घसरतो. तिसऱ्यानं जागा कोरी ठेवली होती. त्याला जवळ बोलावून विचारलं, चारशे दोन रुपये होते, एकशे अठ्ठ्याहत्तरचा किराणा आणला, किती उरले? तो म्हणाला, एकशे अठ्ठ्याहत्तरला बावीस घातले की दोनशे, वर आणखी दोनशे दोन, म्हणजे दोनशे चोवीस. त्याला वजाबाकी येते, कागदावर उभी मांडता येत नाही.

साहेब, या तिघांनाही गुण मिळाला शून्य. सरकारी पोर्टलवर प्रश्ननिहाय गुण भरले तरी शून्य ते शून्यच. पण पहिल्याला काड्यांचे गठ्ठे सोडून बांधून पुन्हा सुरुवातीपासून शिकवायला हवं. दुसरीला शंभराची एक नोट मोडून दहाच्या नोटा दिल्या तर काही मिनिटांत उमगेल. तिसऱ्याला त्याचीच तोंडी रीत कागदावर कशी उतरवायची ते दाखवायला हवं. एका शून्यामागे शिकवण्याची तीन वेगवेगळी कामं आहेत, आणि ती उत्तरपत्रिका वाचल्याशिवाय कळत नाहीत.

आमचा चाचणीला विरोध नाही, हे स्पष्ट सांगते. 2010 साली शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यातली आकारिक मूल्यमापनाची कल्पना आम्हाला मनापासून पटली होती. मूल शिकत असतानाच त्याच्याकडे बघायचं, नोंद करायची आणि दुसऱ्या दिवशीचं शिकवणं त्याप्रमाणे बदलायचं, ही ती कल्पना. प्रत्यक्षात नोंदवही तपासली जाऊ लागली आणि दुसऱ्या दिवशीचं शिकवणं कुणी विचारेना. 2015 साली प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला, त्यात पायाभूत आणि संकलित चाचण्या आल्या. पुढे जागतिक बँकेचं साहाय्य असलेल्या स्टार्स प्रकल्पात महाराष्ट्रासह सहा राज्यांची निवड झाली. त्याखाली प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजीच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या आणि गुण चॅटबॉटवर भरण्याचे आदेश आले. प्रत्येक टप्प्यावर हेतू चांगला होता. त्या चाचण्यांत चांगले प्रश्नही असतात, मुलाला विचार करायला लावणारे. अडचण त्याच्या पुढे सुरू होते.

चाचणी संपते त्या दिवसापासून आमच्यामागे एकच प्रश्न लागतो: गुण भरले का? केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाच्या, ग्रुपवर किती शाळांचं काम बाकी आहे त्याची यादी येते. रेंज नसली की शिक्षक गावाबाहेरच्या टेकाडावर जाऊन गुण भरतात. उत्तरपत्रिका तपासायची ती गुणांसाठी, आणि गुण भरायचे ते तारखेसाठी. भरून झालं की गठ्ठा कपाटात जातो, कारण दुसऱ्या दिवशी माहिती भरायची दुसरी लिंक आलेली असते. गुण वर गेले, त्यातून जिल्ह्याचे आणि तालुक्याचे आलेख तयार झाले. माझ्या वर्गातल्या त्या तिघांसाठी त्यातून काहीच परत आलं नाही.

राज्याला मुलं कुठे आहेत हे कळायला हवं, हे मान्य. पण त्यासाठी प्रत्येक मुलाचा गुण मुंबई-पुण्याला जायला हवा असं नाही. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण नमुना पद्धतीनंच झालं. डिसेंबर 2024 मध्ये तिसरी, सहावी आणि नववीसाठी झालेलं परख राष्ट्रीय सर्वेक्षणही निवडक शाळांमध्येच झालं. राज्याचं चित्र नमुन्यातून मिळतं. प्रत्येक मुलाचं चित्र मात्र त्याच्या शिक्षकालाच मिळू शकतं, आणि ते मिळवायला वेळ लागतो. आज ही दोन्ही कामं एकाच चाचणीवर लादली आहेत. त्यातलं वरचं काम होतं, खालचं राहून जातं.

नुसत्या आकड्याकडे बघून निर्णय घेतले की काय होतं, ते आपण दहावीच्या निकालात पाहिलं आहे. 2018 मध्ये राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. 2018-19 मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेनं द्यायचे गुण बंद झाले आणि 2019 चा निकाल 77.10 टक्क्यांवर आला. खळबळ उडाली, अंतर्गत गुण परत आले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हे धरूनही विचारावंसं वाटतं की एवढ्या काळात मुलांचं शिकणं बारा टक्क्यांनी घसरून अठरा टक्क्यांनी वाढलं का? मोजण्याची रीत बदलली, आकडा बदलला. वर्गातलं मराठी आणि इतिहास तिथेच राहिले.

आता तर चाचणीला अधिक धार आली आहे. 2019 च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर राज्यानं 2023 मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झालेल्या मुलाला पुनर्परीक्षा आहे, आणि तिथेही जमलं नाही तर ते मूल त्याच वर्गात राहतं. मधल्या काळात त्याला जादा मार्गदर्शन करायचं आहे. नेमकं कशाचं? ज्यानं 376 लिहिलं त्याला पाचवीत जाऊन, परीक्षा देऊन, नापास होऊन मगच गठ्ठे सोडायला शिकवायचे का? ते काम चौथीत, चाचणीच्या त्या आठवड्यातच व्हायला हवं होतं.

दुसरा विषय शिष्यवृत्तीचा आणि हुशार मुलांच्या वेगळ्या तयारीचा.

शिष्यवृत्ती परीक्षा ही महाराष्ट्राची जुनी आणि मोलाची परंपरा आहे. 1954-55 पासून ती चालू आहे. चौथी आणि सातवीची ही परीक्षा 2016-17 पासून पाचवी आणि आठवीला नेली, तेव्हा जिल्हा परिषदेच्या असंख्य शाळा तिच्यातून बाहेर पडल्या, कारण त्या चौथीपर्यंतच आहेत. 2025 मध्ये सरकारनं ती पुन्हा चौथी आणि सातवीला आणण्याचा निर्णय घेतला, त्याचं मी मनापासून स्वागत करते. वाडीवरच्या शाळेतल्या पोराला आपल्याच बाईंच्या हाताखाली ही परीक्षा देता येईल, ही लहान गोष्ट नाही. आठवीच्या एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरात या पैशांमुळे मुलीचं शिक्षण आणि लग्न यांतला निर्णय बदलतो, हे आम्ही पाहतो. नवोदय विद्यालयात निवड झालेल्या मुलाचं आयुष्यच वेगळ्या वाटेला लागतं. म्हणून या परीक्षा हव्यात.

पण तयारीचा काळ वर्गात कसा जातो तेही सांगायला हवं. शिष्यवृत्तीचे दोन पेपर, प्रत्येकी 75 प्रश्न आणि दीड तास. प्रथम भाषा व गणित एका पेपरात, इंग्रजी व बुद्धिमत्ता चाचणी दुसऱ्यात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हा वेग साधायचा तर सराव लागतो. शाळेच्या नावलौकिकाचं माप शिष्यवृत्तीधारकांच्या संख्येवर धरलं जातं, फलक लागतात, सत्कार होतात. मग पहिल्या सत्रातच मुलं निवडली जातात. ती शाळा भरण्याआधी येतात, सुटल्यावर थांबतात आणि जानेवारी उजाडला की मधल्या तासांनाही त्यांचाच सराव चालतो. बाकीच्यांना पाढे लिहायला बसवलं जातं. यात शिक्षकांची आस्था खोटी नसते. कित्येक जण स्वतःच्या खिशातून सराव प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स काढतात, रविवारी वर्ग घेतात. पण निवड होते कशावर? घरी अभ्यास घेणारं कुणी आहे का, सकाळी लवकर येता येतं का, एसटीची वेळ जुळते का, धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी कुणी आहे का, यांवरच निम्मी यादी ठरून जाते. ऊसतोडीला गेलेल्या घरातलं मूल ऐन तयारीच्या महिन्यांत वर्गात नसतंच.

आठवीच्या वर्गाला एकदा सराव पुस्तकातला प्रश्न फळ्यावर दिला: सव्वातीन वाजता घड्याळाच्या दोन काट्यांमध्ये किती अंशांचा कोन असतो? शिष्यवृत्तीच्या यादीतल्या मुलांनी चटकन सांगितलं, शून्य, दोन्ही काटे तीनवर. मागच्या बाकावरच्या एका मुलानं मान हलवली. मराठीचा परिच्छेद वाचताना तो अजून अडखळतो, यादीत त्याचं नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. तो उठून भिंतीवरच्या घड्याळापाशी गेला आणि म्हणाला, बाई, लहान काटा तीनवर थांबत नाही, तो पंधरा मिनिटांत थोडा पुढे सरकलेला असतो. मग सगळा वर्ग त्या 'थोडा'च्या मागे लागला. तासाला तीस अंश, तर पाव तासाला किती? साडेसात अंश हे उत्तर त्या दिवशी सगळ्या वर्गानं मिळून काढलं.

कठीण प्रश्नाचा हक्क प्रत्येक मुलाला आहे, एवढंच मला यातून म्हणायचं आहे. बुद्धिमत्ता चाचणीतली कोडी, भूमितीतल्या युक्त्या, भाषेतले अवघड उतारे हा वर्गाचा रोजचा खुराक झाला तर यादी आपोआप लांबते आणि तिच्यात अनपेक्षित नावं येतात. याच हक्काच्या संदर्भात आणखी एक गोष्ट. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विषय दोन पातळ्यांवर शिकवावेत, सुरुवात गणितापासून करावी, असा विचार मांडला आहे. सीबीएसईमध्ये दहावीला गणिताच्या बेसिक आणि स्टँडर्ड अशा दोन परीक्षा आहेतच. आपल्याकडेही दहावीला सामान्य गणिताचा पर्याय काही वर्षं होता. उद्या राज्यात पुन्हा दोन पातळ्या करायच्या ठरल्या, तर एक विनंती आहे. कुठलं मूल कुठल्या पातळीवर बसेल हे शाळेच्या निकालाच्या चिंतेतून ठरू नये. सोपा पेपर घेतला की शाळेची टक्केवारी वाढते. पुढे विज्ञान शाखेचा किंवा पॉलिटेक्निकचा फॉर्म हातात आल्यावर त्या निवडीची किंमत मुलाला कळते. वरची पातळी निवडू पाहणाऱ्या मुलाला शिकवायला शिक्षक मिळेल, याची हमी आधी हवी.

तिसरा विषय मुख्याध्यापकांचा, आणि माझ्या मते पहिल्या दोन्हींची किल्ली इथेच आहे.

शाळेत नेतृत्व कसं असतं ते मी एका मुख्याध्यापक बाईंकडे पाहिलं. आठवड्यातून एकदा त्या माझ्या वर्गात येत, खडू हातात घेत आणि म्हणत, हा तास मी घेते, तू पलीकडच्या वर्गात जाऊन बस. पलीकडचे सर अपूर्णांक कसे शिकवतात ते मी मागे बसून पाही. पुढच्या आठवड्यात सर माझ्या वर्गात येऊन बसत. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिघं बसून बोलत असू: कोणतं मूल कुठे अडलं, कोणाला काय करून पाहायचं. शेरेबुकात त्या एकच ओळ लिहीत, पण ती त्या तासाबद्दलची असे. 'अध्यापन समाधानकारक' असला ठोकळेबाज शेरा त्यांनी कधी लिहिला नाही. माझी प्रशिक्षणं पुष्कळ झाली, पण मी सर्वांत जास्त शिकले ते त्या तासांमध्ये.

आज हे का होत नाही? शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे प्राथमिक शाळेत 150 पेक्षा जास्त मुलं असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो, आणि सहावी ते आठवीसाठी 100 पेक्षा जास्त. गावोगावच्या बहुतेक शाळांना हा आकडा गाठता येत नाही. तिथे वर्गावरच्याच एका शिक्षकाकडे प्रभार असतो. वर्ग सांभाळून त्यानं पोषण आहाराच्या तांदळाचा साठा मोजायचा, रोजची उपस्थिती भरायची, युडायस आणि सरल पोर्टलवरची माहिती, मुलांच्या आधारची दुरुस्ती, त्यांचे अपार आयडी, बँकेतले हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभा, बांधकामाचे फोटो आणि 'आज पाच वाजेपर्यंत' म्हणून आलेली माहिती हे सगळं बघायचं. शिक्षण हक्क कायद्याचं 27 वं कलम दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अन्य बिगरशैक्षणिक काम देऊ नये असं सांगतं. शाळेच्या आत शिरलेल्या या माहितीच्या कामाला ते कलम कुठे आडवं येत नाही. अशा माणसानं दुसऱ्याच्या वर्गात जाऊन कधी बसायचं?

केंद्रप्रमुखांचीही तीच गत. शाळांनी समूह करून एकमेकींना मदत करावी, ही कल्पना कोठारी आयोगानं 1964-66 मध्येच मांडली होती. आयोगाचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते. राज्यात 4,860 केंद्रं झाली ती शाळांना शैक्षणिक आधार मिळावा म्हणून. आज अनेक केंद्रांत पद रिकामं आहे, आणि जिथे माणूस आहे तिथे त्याचा दिवस माहिती गोळा करण्यात जातो. पर्यवेक्षकाला शिकवण्यात लक्ष घालायला मिळालं तर काय होतं याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे शाळांच्या गटात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे शिक्षकांबरोबर वर्गात जमिनीवर बसल्या, मूल कसं शिकतं यावर त्यांच्याशी बोलत राहिल्या, आणि ते काम पाहायला राज्यभरातून शिक्षक तिथे गेले. आदेशानं झालं नसतं ते सोबतीनं झालं.

याच संदर्भात शिक्षकांच्या स्वतःच्या परीक्षेबद्दलही लिहिते. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांना शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) आवश्यक ठरवली, आणि पदोन्नतीसाठीही. निकालाचा आम्ही आदर करतो आणि परीक्षा देतो आहोत. पण शिकवणं कसं चाललं आहे हे कळायला कुणीतरी वर्गात येऊन बसावं लागतं, हे त्यानंतरही खरं राहील. आमची परीक्षा घेताना तेवढ्यावर थांबू नका. आमच्या वर्गात या, आणि जे दिसेल त्यावर आमच्याशी बोला.

म्हणून साहेब, माझी मागणी तीन आदेशांची आहे.

पहिला: प्रत्येक नियतकालिक चाचणीनंतरचे दोन दिवस फक्त उत्तरपत्रिका वाचण्यासाठी आणि मुलांशी त्यावर बोलण्यासाठी राखून ठेवावेत. त्या दोन दिवसांत कुठलीही माहिती, बैठक किंवा लिंक नको. राज्याला लागणारे आकडे निवडक शाळांमधून घ्यावेत. बाकी शाळांकडून गुणांऐवजी एवढंच मागावं: कोणत्या चुका जास्त दिसल्या आणि तुम्ही त्यावर काय करणार आहात.

दुसरा: शिष्यवृत्तीची तयारी शाळेच्या वेळेत सगळ्या वर्गासाठी व्हावी, आणि शाळेचं मूल्यमापन करताना किती मुलं गुणवत्ता यादीत आली याऐवजी किती मुलं परीक्षेला बसली आणि कोणत्या घरांतली बसली हे पाहावं. स्थलांतरित मुलांसाठी जिथे काम चालतं तिथल्या शाळेत परीक्षेची सोय व्हावी.

तिसरा: प्रत्येक केंद्रात माहिती भरण्यासाठी एक स्वतंत्र कर्मचारी द्यावा. मुख्याध्यापकांना आणि प्रभारींना आठवड्यातले ठरावीक तास दुसऱ्यांच्या वर्गात बसण्यासाठी मिळावेत आणि केंद्रप्रमुखांची रिक्त पदं भरावीत. या तासांचा अहवाल मागू नये, कारण अहवाल मागितला की ते तासही कागदावर जातील.

तिसऱ्या मागणीला पैसा आणि वेळ लागेल, हे मला कळतं. दुसरीसाठी निकष बदलावे लागतील. पहिली मात्र एका परिपत्रकानं येत्या संकलित चाचणीपासून लागू करता येईल. प्रत्येक शिक्षकाला दोन दिवस द्या. शून्यामागची कारणं आम्ही शोधू, त्यावर कामही आम्हीच करू. त्यानंतर निकालाचं उत्तर आमच्याकडे मागा, ते द्यायला आम्ही बांधील राहू.

आपली,
जिल्हा परिषद शाळेतली एक शिक्षिका